दिवस जायला किती दिवस लागतात?



आपल्या मराठीत गर्भ राहिल्याचे किती परींनी सांगतात पाहा. 'तिला दिवस गेलेत' असे म्हणतात आणि 'तिला दिवस राहिलेत' असेही म्हणतात. जाणे आणि राहणे हे एरवी उलट अर्थाचे शब्द, पण इथे दोन्हींचा अर्थ एकच. कोणी 'कूस उजवली' म्हणते, कोणी 'पाळणा हलणार' म्हणते. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे 'उम्मीद से है' म्हणतात. मी कविता करते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. मूल होण्यासाठी एवढे गोड शब्द असलेल्या भाषेत मूल न होण्यासाठी शब्द मात्र एकच आहे आणि तो बाईला लावतात. वांझ. बाई वांझ, गाय वांझ, झाड वांझ. पुरुषासाठी काय? जो शब्द आहे त्याचा अर्थ निराळा आहे आणि तो शिवी म्हणूनच वापरला जातो. म्हणजे ज्या घरात पाळणा हलला नाही तिथे दोष कोणाचा, हे तपासणीच्या आधीच ठरून गेलेले असते.

म्हणून आज एका साध्या प्रश्नावर बोलायचे आहे. मूल हवे असे नवराबायकोने ठरवले, तर दिवस जायला साधारण किती काळ लागतो?

गल्लीचे उत्तर ठरलेले आहे. लगेच. माझे लग्न 1994 साली झाले. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात मी नांदायला गेले. तिसऱ्या महिन्यात शेजारणीने विचारले, "काय विशेष?" सहाव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "बहू, कुछ है क्या?" वर्ष झाल्यावर विचारणे बंद झाले. मैत्रिणींनो, विचारणे बंद होते ना, ते जास्त अवघड असते. मग हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला आपल्याला बोलवायचे की नाही यावर दाराआड कुजबुज सुरू होते. हे हिंदूंच्या घरात होते तसेच आमच्याही घरात होते, त्यात काही फरक नाही.

आता डॉक्टरांचे उत्तर ऐका. शंभर जोडपी घ्या. दोघांची तब्येत चांगली, बायको पस्तिशीच्या आतली, कोणतेही संततिनियमन नाही आणि दोघे एकत्र राहतात. यातल्या साधारण वीस ते पंचवीस जणींनाच पहिल्या महिन्यात दिवस जातात. बाकीच्या पंचाहत्तर-ऐंशी जणींना जात नाहीत, आणि त्यांच्यात काहीही दोष नसतो. वर्ष सरते तेव्हा शंभरातल्या ऐंशी ते पंच्याऐंशी जोडप्यांकडे बातमी असते. उरलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास दुसऱ्या वर्षात, काही उपचार न करताही, यशस्वी होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही बारा महिन्यांची रेघ आखली आहे. नियमित सहवास असून वर्षभरात गर्भ राहिला नाही तरच त्याला अडचण म्हणायचे, त्याआधी नाही. गल्लीतली जी पहिल्या महिन्याची बाई असते तीच सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि तिच्या मापाने बाकीच्या पंचाहत्तर जणींना मोजले जाते.

असे का होते? कारण महिन्यातले दिवसच थोडे असतात. बाईच्या शरीरात महिन्याला सहसा एकच बीज पक्व होऊन बाहेर पडते आणि ते जेमतेम बारा ते चोवीस तास जगते. पुरुषाचे शुक्राणू मात्र आत तीन ते पाच दिवस तग धरतात. दोन्हींचा मेळ घातला तर बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, असे महिन्यातले सहाच दिवस कामाचे. हे सहा दिवस ओळखायचे कसे? बीज सुटते ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी. जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते तिचे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास, जिची पस्तीस दिवसांनी येते तिचे एकविसाव्या दिवसाच्या आसपास. पाळी संपल्या संपल्या चार दिवसच चांगले, हा आपल्याकडचा समज सगळ्यांना लागू पडत नाही. शिवाय तारखांचा फार हिशेब ठेवून जीव टांगणीला लावण्याची गरज नाही. एक दिवसाआड सहवास असला तरी पुरते, असे डॉक्टर सांगतात. (रेडिओवर यापेक्षा उघड बोलायला मला अजूनही संकोच वाटतो. पण घरात कोणी बोलत नाही, मग कुठेतरी बोलले पाहिजे.)

1997 साली मी नगरला एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारले, "लग्नाला किती वर्षे?" मी म्हटले, "तीन." मला वाटले, आता त्या मान हलवतील. त्यांनी विचारले, "नवरा काय करतो?" मी सांगितले, मालट्रक चालवतात, कांदा आणि लिंबू भरून बंगळूरकडे, कधी त्याहून खाली जातात. "महिन्यातून घरी किती दिवस?" मी बोटांवर मोजले. सात, फार तर आठ. मग त्यांनी माझ्या पाळीच्या तारखा घेतल्या, कागदावर काहीतरी मांडले आणि म्हणाल्या, "अगं, तुझे अजून वर्षसुद्धा भरलेले नाही."

हे वाक्य मी कितीतरी बायकांना सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी जवान सीमेवर आहेत, ड्रायव्हर रस्त्यावर आहेत, पोरे पुण्याच्या, मुंबईच्या कारखान्यांत खोली करून राहतात आणि बायको गावी सासूपाशी असते. लग्नाची वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजली जातात, पण सोबत काढलेले महिने कोणी मोजत नाही.

डॉक्टरबाईंनी पुढे सांगितले, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये. तपासणी त्यांची आधी." बाहेर येऊन सासूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "उसको क्या हुआ है?" पण हे आले. आमचे हे फार बोलत नाहीत. डबी घेतली, नमुना दिला, खाली मान घालून बाहेर आले आणि चहा प्यायला म्हणून जे गेले ते तासाने आले. शुक्राणूंची संख्या थोडी कमी निघाली. तंबाखू सोडा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असे सांगितले. तीन महिने अशासाठी, की शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात. आज केलेल्या सुधारणेचे फळ आज दिसत नाही. यांनी तंबाखू सोडली, लांबच्या फेऱ्या कमी केल्या. मुलगी 2000 साली झाली. तंबाखूमुळे, घरी राहिल्यामुळे, की नुसती वेळ आली म्हणून, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आले नाही.

श्रोतेहो, मूल न होण्याच्या प्रकरणांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही कारण असते, एकट्याचे किंवा बायकोबरोबरचे. शिरा फुगलेल्या असतात, वयात आल्यावर गालफुगी झालेली असते, तंबाखू-गुटखा असतो, भट्टीपाशी किंवा इंजिनाच्या उष्णतेत तासन्‌तास काम असते. पुरुषाची तपासणी स्वस्त, बिनदुखाची आणि एका दिवसाची. बाईची तपासणी मात्र सुयांची, सोनोग्राफीची, नळ्यांत औषध सोडून फोटो काढण्याची. तरी आपण सुरुवात बाईपासून करतो. बाईकडेही कारणे असतातच: अनियमित पाळी, थायरॉइड, नळ्या बंद असणे. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षय हे एक मोठे कारण आहे आणि तो पुष्कळदा काही लक्षण न दाखवता आत बसून असतो. पण दोघांची तपासणी सोबत व्हावी, एवढेच म्हणणे.

जुन्या गोष्टींत पुरुष इतका मागे लपत नव्हता. दशरथाने पुत्रकामेष्टी यज्ञ स्वतः केला. कुरआनात जकरिया पैगंबर म्हातारपणी मुलासाठी स्वतः दुआ मागतात. आपल्या नगरचीच गोष्ट घ्या. इथे शाह शरीफांचा दर्गा आहे. निजामशाहीतले सरदार मालोजीराजे भोसले आणि उमाबाई यांना बरीच वर्षे मूल नव्हते, या पिराला नवस केल्यावर दोन मुलगे झाले आणि त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगतात. शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. शरीफजी 1624 साली इथून जवळच भातवडीच्या लढाईत पडले. मला या गोष्टीत आवडते ते हे, की वाट पाहणे त्या घरात नवराबायको दोघांचे होते आणि नावांमध्ये त्याची आठवण उघडपणे ठेवली गेली. उमाबाईंनी आपले महिने कसे मोजले असतील, हे मात्र गोष्टीत येत नाही.

नवसाला माझा विरोध नाही. मीही मन्नत मागितली होती, धागाही बांधला होता. त्याने वाट पाहायला बळ येते. पण नवसाने शुक्राणू मोजता येत नाहीत. आणि 'हमखास मुलगा' म्हणून पुड्या विकणारे जे भेटतात, त्यांच्या दारात तर पाऊलही टाकू नका.

आता वर्षभर थांबा म्हटले, पण सगळ्यांनीच नाही. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचे, कारण बीजांची संख्या आणि कस दोन्ही वयाबरोबर उतरतात. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, पूर्वी क्षय झाला असेल, पोटाचे मोठे ऑपरेशन झाले असेल, तर लगेच दाखवायचे. हल्ली तालुक्यातालुक्यांत 'टेस्ट ट्यूब बेबी'चे फलक दिसतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून असे मूल जन्मले ते 6 ऑगस्ट 1986 रोजी. तेव्हा ते नवल होते. आज ते पुष्कळांना उपयोगी पडते. पण प्रत्येक खेपेला यश येतेच असे नाही आणि एकेका खेपेला लाखाच्या घरात खर्च येतो. 2021 पासून यासाठी कायदा आहे, केंद्राची नोंदणी असावी लागते. ती पाहूनच आत जा. जमीन गहाण टाकायच्या आधी साध्या तपासण्या झाल्यात का, हे स्वतःला विचारा.

माझ्या फुफीला मूल झालेच नाही. तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले, तिलाही मूल झाले नाही. तरी नाव फुफीचेच राहिले. गावातल्या अडलेल्या बाळंतिणीपाशी रात्री-अपरात्री तिला बोलवत, आणि त्याच बाळाच्या बारशाला टाळत. दोन बायकांना मूल झाले नाही, यावरून पुढचा हिशेब करायला फार शिकावे लागत नाही. पण तो उघडपणे कोणी मांडला नाही. त्या घरात तपासणीची डबी कधीच आली नाही.

हे गावात सांगायचे कोणी, असे मला विचारतात. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर असलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. ज्या बाईच्या हाताचे पाणी काही घरे पीत नव्हती, ती घरोघर जाऊन आरोग्याचे शिकवू लागली. शेजारच्या बाईने सांगितलेले शेजारणीला पटते. आज गावोगाव आशाताई आहेत. त्या येतात त्या बहुतेक गरोदर बाईचे नाव लिहायला. जिला दिवस गेलेले नाहीत तिच्याशीही त्यांनी पाच मिनिटे बोलावे, आणि जमले तर तिच्या नवऱ्याशीही.

तोवर एवढे करा. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर नाहीतर वहीत लिहून ठेवा. नवरा बाहेरगावी असेल तर तो घरी असलेल्या दिवसांवर खूण करा. तंबाखू आजच सोडा, दोघांनीही. मिस्री लावत असाल तर तीसुद्धा. बाईने फोलिक ॲसिडची गोळी सुरू करावी, सरकारी दवाखान्यात विचारा. आणि वर्ष भरले की सोबत जा. खिडकीवर केसपेपर काढताना दोघांच्या नावाचे दोन काढा.