विडीवालीच्या लेकराची शिष्यवृत्ती

निपाणी म्हटले की तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणारे स्त्रियांचे हात डोळ्यांपुढे येतात. त्या हातांच्या घरातील मुलगी बेळगावच्या खाजगी संस्थेत अभियंता होऊ म्हणते, तेव्हा फीचा आकडा ऐकूनच घर गप्प होते. त्यात हा मुलूख सीमेवरचा. निपाणी कर्नाटकात, तर लगतच्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात! राज्यांच्या सवलती बहुधा रहिवासावर ठरतात. मग दाद कोणाकडे मागावी?

उत्तर आईच्या ट्रंकेत असते. ते म्हणजे तिचे विडी कामगाराचे ओळखपत्र. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीला राज्याची सीमा आडवी येत नाही. व्यावसायिक पदवीसाठी ती वर्षाला २५,००० रुपये आहे. संस्था मान्यताप्राप्त हवी, काम किमान सहा महिन्यांचे हवे आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न १०,००० रुपयांच्या आत हवे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो.

एवढ्याने सारी फी भागत नाही, हे खरे. पण हे दान नव्हे. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून कामगारांचा कल्याणनिधी उभा राहिला. २०१७ मध्ये उपकर गेला, मदत राहिली. ज्या माउलीपाशी ओळखपत्र नाही, तिने ते आधी काढावे. लेकराच्या शिक्षणाची वाट तेथूनच सुरू होते.