छोटा मालक, त्याचा नोकर आणि उधारी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पक्षाच्या शहर कार्यालयात एखाद्या संध्याकाळी पुढील प्रकारची तक्रार आली तर कार्यकर्त्याने काय करावे, या प्रश्नापासून आजच्या विषयाला आरंभ करणे सोयीचे होईल. तक्रार घेऊन आलेली मुलगी संगणकशास्त्राची पदवीधर आहे. दुकाने, दवाखाने, शाळा, पतसंस्था यांच्या वेबसाइट तयार करणाऱ्या आणि त्या चालू ठेवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती नोकरी करते. दोन महिन्यांचा पगार थकला आहे. नोकरी सोडावी म्हटले, तर मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात अडकली आहेत. आणि मालक कोण? तर पक्षाच्या शिबिराला वर्गणी देणारा, कर्ज काढून धंदा उभा केलेला, तिच्याच शेजारच्या टेबलावर रात्री बारापर्यंत काम करणारा तिशीतला तरुण.

गिरणीच्या दारात घोषणा देताना कार्यकर्त्याच्या मनात संभ्रम नव्हता. येथे तो होतो, आणि बहुधा 'दोघांनी समजुतीने घ्यावे' असे सांगून तो मोकळा होतो. समजुतीने घेणे याचा व्यवहारातील अर्थ मुलीने आणखी एक महिना थांबणे, एवढाच असतो.

हा धंदा मुळात कसा चालतो, ते आधी पाहिले पाहिजे. वेबसाइटच्या कामाची दोन अंगे असतात: ती घडवणे आणि ती राखणे. घडवण्याचे काम दिसते, त्याची किंमत ठरते. राखण्याचे काम दिसत नाही. सर्व्हर बंद पडतो तो कार्यालयाच्या वेळा पाहून पडत नाही; शाळेचा निकाल लागण्याच्या दिवशी, सणाच्या विक्रीच्या रात्री, नेमका गर्दीच्या क्षणी पडतो. स्पर्धा तीव्र असल्यामुळे छोटा मालक घडवण्याचा दर कमी सांगतो आणि वर 'एक वर्ष देखभाल मोफत' असे आश्वासन देतो. हे मोफत कोणाच्या खिशातून दिले जाते? मालकाच्या निश्चितच नाही. ते नोकराच्या रविवारातून आणि रात्रीतून दिले जाते. ज्या तासांची किंमत दरपत्रकात धरलेलीच नाही, त्या तासांचे वेतन पगारपत्रकात येणार कोठून? जादा कामाचा प्रश्न या धंद्यात पगाराच्या दिवशी नव्हे, तर दरपत्रक लिहिताना निकालात निघालेला असतो. कामगार चळवळीने मात्र दरपत्रकाकडे कधी लक्ष दिलेले नाही.

आता उधारीकडे वळू. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, संस्थेत ९ नोकर आहेत आणि सरासरी पगार २८,००० रुपये आहे. महिन्याचे वेतन २,५२,००० झाले. भाडे, वीज, इंटरनेट इत्यादी ४८,००० धरले, तर मासिक खर्च ३ लाख. महिन्याची बिले ३,७५,००० रुपयांची, म्हणजे वरकड ७५,००० रुपयांची. कागदावर धंदा उत्तम आहे. परंतु ग्राहक पैसे देतो ९० दिवसांनी. पहिल्या महिन्याच्या अखेरीस पाठवलेल्या बिलाचे पैसे चौथ्या महिन्याच्या अखेरीस हाती येतात. तोवर चार महिन्यांचा खर्च, १२ लाख रुपये, होऊन गेलेला असतो. शिवाय वस्तू व सेवा कर १८ टक्के. तो साधारणतः बिल काढले की देय होतो, पैसे मिळाले की नव्हे, आणि पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. तीन बिलांवरचा हा कर २,०२,५०० रुपये होतो (खरेदीवरील कराची वजावट येथे सोडून दिली आहे). सारांश, पहिला रुपया हाती येण्यापूर्वी १४ लाखांहून अधिक खेळते भांडवल गुंतलेले असते.

हे भांडवल कोण पुरवतो? बँकेला तारण हवे असते. गिरणीला माग होते, छापखान्याला यंत्र होते. या धंद्याची यंत्रे म्हणजे पाचदहा जुने संगणक, आणि खरी मालमत्ता माणसांच्या डोक्यात. तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून सरकारची हमी योजना २००० सालापासून आहे, पण हमी असूनही बँकेचा व्यवस्थापक घरावर बोजा चढवू पाहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मग मालक सर्वांत सोपा सावकार गाठतो. नऊ जणांचा दोन महिन्यांचा पगार थकवला की ५,०४,००० रुपयांचे बिनव्याजी, बिनतारण कर्ज उभे राहते, आणि त्यासाठी एकाही कागदावर सही करावी लागत नाही. आधी श्रम आणि मागाहून वेतन या रीतीमुळे कामगार हाच भांडवलदाराला उधार देत असतो, हे मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडातच दाखवले आहे. तेथे तो सर्वसाधारण नियम होता. या धंद्यात तो भांडवल उभारणीचा मुख्य मार्ग होऊन बसला आहे.

'आपण सारे एका कुटुंबासारखे आहोत' हे वाक्य अशा कार्यालयांत वारंवार ऐकू येते. कुटुंबात धाकट्यांना निदान घरात किती दाणे शिल्लक आहेत हे ठाऊक असते. येथे हिशेबाची वही मालकाशिवाय कोणी पाहिलेली नसते.

कायदा या नोकराला कितपत आधार देतो? येथे संख्येचा खेळ आहे. भविष्यनिर्वाह निधी २० माणसांपासून सक्तीचा, राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी १० पासून. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहाहून कमी माणसे असलेल्या मालकाला केवळ सूचनापत्रावर सोडले. ही मर्यादा २० पर्यंत नेण्याच्या आणि कामाचा दिवस ९ तासांचा १० तास करण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. साहजिकच नवव्या माणसानंतर दहावा नेमायचा नाही, नेमलाच तर त्याला 'सल्लागार' म्हणायचे, किंवा एक संस्था स्वतःच्या नावे आणि दुसरी पत्नीच्या नावे काढायची, अशा युक्त्या सुचतात. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच कायद्याने अंगणाबाहेर ठेवले आहे.

एक अपवाद मात्र आहे आणि तो कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांना झालेला विरोध योग्यच होता. तीनशेपर्यंत माणसे असलेल्या कारखान्यांना सरकारी परवानगीविना कपात करण्याची मोकळीक देणाऱ्या कायद्याचे स्वागत कोण करील? परंतु त्यांपैकी २०१९ च्या वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. नोकरी सोडली किंवा सोडवली, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. शत्रूच्या कोठारात सापडलेले हत्यार गंजत ठेवण्यात शहाणपणा नाही.

तसेच मालकाच्या बाजूनेही एक कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, करार लेखी असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांहून अधिक मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांची. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. छोटा मालक हा हक्क बजावत नाही. तसे केल्यास पुढचे काम जाईल ही भीती त्याला असते, आणि ती खोटी नाही. पण परिणाम असा की तो मोठ्या ग्राहकापुढे मान तुकवतो आणि त्या तुकवण्याची किंमत आपल्या नोकराकडून वसूल करतो. या ग्राहकांत पुरोगामी मंडळींनी चालवलेल्या संस्थाही असू शकतात, हे येथे नमूद केलेले बरे.

तेव्हा नऊ माणसांच्या संस्थेत संघटना बांधावी कशी? पुण्यात आणि बंगळूरात संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटना अलीकडे उभ्या राहिल्या. त्यांचे लक्ष स्वाभाविकपणे मोठ्या कंपन्यांतील कपातीकडे आहे. नऊ जणांच्या खोलीत संप म्हणजे नऊ राजीनामे.

या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधले आहे. हमालाचा मालक एक नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने पेढी हा घटक न मानता बाजार हा घटक मानला. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार व शासन यांची मंडळे झाली. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची व्यवस्था मंडळाने करायची. मालक शंभर असोत की हजार, कामगाराचे खाते एकच.

ही व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. वेबसाइट घडवणारी माणसे पोती उचलणाऱ्या टोळीप्रमाणे रोज वाटून देता येत नाहीत. शिवाय माथाडींच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी मूळ कल्पनेला बट्टा लावला, हेही विसरता कामा नये. पण निधीचा भाग उचलता येतो. एका शहरातील अशा सर्व छोट्या संस्थांच्या बिलांवर ठराविक लेव्ही बसवून तिच्यातून नोकरांचा भविष्यनिर्वाह निधी चालवला, आणि उधारीच्या काळात मालकाला वेतनापुरती उचल त्याच मंडळाकडून मिळाली, तर पगार थकवण्याचे निमित्तच नाहीसे होईल. उचलीचा हप्ता ग्राहकाकडून परस्पर वसूल करण्याचा अधिकार मंडळाला हवा. मोठ्या ग्राहकाशी भांडण्याचे बळ एकट्या छोट्या मालकात नसते.

सहकाराचा मार्गही आहे. केरळात १९२५ साली मजुरांनी स्थापन केलेली उरळुंगल श्रमिक सहकारी संस्था रस्ते-पूल बांधता बांधता कोळिकोडला सायबर पार्क चालवू लागली. मात्र तिच्यामागे अनेक दशकांची शिस्त आणि साठवलेले भांडवल आहे. उद्या सकाळी नऊ जणांनी नोंदणी करून तेथवर पोहोचता येईल, अशी आशा कोणी दाखवू नये.

राहिली ती तक्रार घेऊन आलेली मुलगी. तिची प्रमाणपत्रे त्याच संध्याकाळी परत मागावीत. त्यात वाटाघाटीला जागा नाही. थकलेल्या पगाराचा लेखी अर्ज वेतन संहितेचा हवाला देऊन मालकाच्या हाती द्यावा व पोच घ्यावी. मालक वर्गणीदार आहे म्हणून एक दिवसही थांबू नये. त्यानंतर, आणि त्यानंतरच, मालकासमवेत बसून बिलांची वही उघडावी, कोणत्या ग्राहकाचे बिल ४५ दिवसांपलीकडे गेले आहे त्याची यादी करावी आणि पहिली नोटीस लिहायला त्याला मदत करावी. यादीत आपल्याच एखाद्या संस्थेचे नाव निघाले, तर नोटिशीची सुरुवात तेथून करावी.