पहिली आणि तिच्यामागच्या अनेकजणी: पाकिस्तानातील स्त्री-नेतृत्वाचा विचार



पाकिस्तानातील स्त्रियांविषयी आपल्याकडे सहसा दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक बेनझीर भुट्टो यांचे: २ डिसेंबर १९८८ रोजी शपथ घेणारी, मुस्लिमबहुल देशातील पहिली स्त्री पंतप्रधान. दुसरे चित्र दडपलेल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या, 'इज्जती'च्या नावाखाली मारल्या जाणाऱ्या स्त्रीचे. दोन्ही चित्रांना आधार आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ सालच्या स्त्री-पुरुष विषमतेच्या अहवालात पाकिस्तान १४८ देशांमध्ये अगदी शेवटी आहे. त्याच देशात आज सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या स्त्रिया आहेत, सर्वांत मोठ्या प्रांताच्या मुख्यमंत्रिपदी स्त्री बसलेली आहे आणि स्त्रियांनी मांडलेले, स्त्रियांनी लढवलेले कायदे संमत झालेले आहेत. या दोन गोष्टींची संगती कशी लावायची, हा आजचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, एकटी स्त्री सर्वोच्च पदावर गेल्याने पाकिस्तानात फारसे बदलले नाही. जे काही बदलले ते रस्त्यावरची चळवळ, न्यायालयातील वकील आणि सभागृहातील पुरेशी संख्या या तिन्हींची गाठ पडली तेव्हा बदलले. म्हणून तिथल्या स्त्री-नेतृत्वाचा इतिहास 'पहिल्या स्त्रियां'च्या यादीतून कळत नाही. तो त्यांच्या मागे कोण उभे होते, यावरून कळतो.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी, कारण तिथे स्त्रियांवरचा सर्वांत मोठा आघात कायद्याच्याच वाटेने आला. १९७९ साली जनरल झिया उल हक यांनी हुदूद अध्यादेश जारी केले. त्यांत व्यभिचार आणि बलात्कार एकाच कायद्याखाली आले आणि 'हद्द' म्हणजे कमाल शिक्षेसाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची प्रत्यक्षदर्शी साक्ष आवश्यक ठरली. परिणाम असा की, बलात्काराची तक्रार करणारी स्त्री तो सिद्ध करू शकली नाही, तर तिची गर्भावस्थाच तिच्याविरुद्ध पुरावा ठरू शके. साहिवालच्या न्यायालयात १९८३ साली नेमके हेच घडले: एका जवळपास अंध मुलीला तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा झाली, तर आरोपी पुरुष पुराव्याअभावी सुटला. देशभर गदारोळ झाल्यावर फेडरल शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. इथे आपल्या जवळची एक गोष्ट आठवते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या मथुरा या आदिवासी मुलीच्या प्रकरणातून भारतात जे आंदोलन उभे राहिले, त्याची परिणती १९८३ च्याच कायदादुरुस्तीत झाली. एकाच वर्षी सीमेच्या या बाजूला तक्रारदार स्त्रीच्या शब्दाचे वजन वाढत होते आणि त्या बाजूला तिच्या साक्षीचे मोल निम्मे करण्याचा कायदा तयार होत होता.

या कायद्यांना झालेला विरोध हा पाकिस्तानी स्त्री-नेतृत्वाचा खरा आरंभबिंदू आहे. १९८१ साली कराचीत 'विमेन्स अ‍ॅक्शन फोरम' स्थापन झाला. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरमध्ये फोरमच्या कार्यकर्त्या आणि स्त्री वकील साक्षीच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध उच्च न्यायालयाकडे निवेदन घेऊन निघाल्या. मार्शल लॉच्या काळात असा मोर्चा काढणे हाच गुन्हा होता. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, अटका केल्या. आज पाकिस्तानात १२ फेब्रुवारी हा राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो. साक्षीचा कायदा १९८४ साली आलाच, पण दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाइतकी मानण्याचा नियम त्यात लेखी आर्थिक व्यवहारांपुरता मर्यादित राहिला. हा विजय अर्धाच होता, पण लष्करी सत्तेला माघार घ्यायला लावणारा होता. त्या मोर्चातून पुढे आलेल्या स्त्रिया कायद्याची भाषा जाणणाऱ्या होत्या. अस्मा जहांगीर आणि हिना जिलानी या बहिणींनी त्याआधीच लाहोरमध्ये केवळ स्त्री वकिलांचे कार्यालय थाटले होते. अस्मा यांचे नाव तर त्याहून आधी घटनात्मक इतिहासात गेले होते. वडिलांच्या स्थानबद्धतेविरुद्ध त्यांनी केलेल्या अर्जावर १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने याह्या खान यांची लष्करी राजवट बेकायदा ठरवली. तेव्हा त्या विशीच्या होत्या. २०१० साली त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांना निवडून देणारे मतदार बहुतांश पुरुष वकील होते, हेही ध्यानात घ्यावे.

न्यायासनाचा मार्गही असाच झगडून मोकळा झाला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी स्त्रियांना न्यायाधीश नेमण्याला इस्लामविरोधी ठरवावे, असा अर्ज फेडरल शरियत न्यायालयापुढे आला. न्यायालयाने धर्मग्रंथ आणि फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्र यांच्या आधारेच तो फेटाळला. १९८२ मध्ये ताहिरा सफदर बलुचिस्तानच्या पहिल्या स्त्री दिवाणी न्यायाधीश झाल्या होत्या. छत्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, त्या बलुचिस्तान उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, देशातल्या कोणत्याही उच्च न्यायालयाच्या त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. त्याआधी १९९४ साली माजिदा रिझवी सिंध उच्च न्यायालयात आल्या होत्या. पुढे राष्ट्रीय महिला आयोगाच्या प्रमुख म्हणून त्यांनीच हुदूद अध्यादेश रद्द करण्याची शिफारस केली. २४ जानेवारी २०२२ रोजी आयेशा मलिक यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली आणि जुलै २०२३ मध्ये पेशावरच्या मुख्य न्यायमूर्ती मुसर्रत हिलाली त्यांच्या सोबतीला आल्या. मला या दुसऱ्या नेमणुकीचे महत्त्व पहिलीइतकेच वाटते. पहिली नेमणूक अपवाद म्हणून खपवता येते. दुसरी झाली की वाट मळू लागते.

आयेशा मलिक यांच्या नियुक्तीला तीव्र विरोध झाला, त्याचा प्रामाणिकपणे विचार करायला हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायिक आयोगात मते समसमान पडून प्रस्ताव अडला, जानेवारीत तो पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. वकिलांच्या संघटनांनी संप पुकारला. त्यांचे म्हणणे असे की, लाहोर उच्च न्यायालयात त्या ज्येष्ठतेत चौथ्या आहेत आणि ज्येष्ठता डावलली की मर्जीतल्या माणसांचा शिरकाव होतो. ज्या देशात सत्ताधाऱ्यांनी न्यायालये वारंवार वाकवली, तिथे ही भीती पोकळ म्हणता येत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयात जाताना ज्येष्ठताच पाहावी, असे घटनेत लिहिलेले नव्हते आणि तोवर अनेक पुरुषही क्रम ओलांडून वर गेले होते. शिवाय उच्च न्यायालयांत स्त्रिया मुळात मोजक्या आणि उशिरा नेमल्या गेल्या. मग ज्येष्ठतेची रांग हीच जुन्या अन्यायाची रांग होते. आणि त्या आल्याने फरक काय पडला, याचे उत्तर त्यांच्या आधीच्याच एका निकालात आहे. जानेवारी २०२१ मध्ये लाहोर उच्च न्यायालयात त्यांनी बलात्कारपीडितेची तथाकथित कौमार्यचाचणी, दोन बोटांची चाचणी, अवैज्ञानिक आणि बेकायदा ठरवली. ती याचिका घेऊन न्यायालयात आल्या त्याही स्त्रियाच होत्या. त्यांत कार्यकर्त्या होत्या, पत्रकार होत्या, वकील होत्या. न्यायासनावर एक स्त्री आणि समोर संघटित स्त्रिया, हा संयोग महत्त्वाचा.

आता विधिमंडळाकडे वळू. बेनझीर भुट्टो यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की, दोनदा पंतप्रधान होऊनही त्यांनी हुदूद अध्यादेश रद्द केले नाहीत. आक्षेप खरा आहे. पण कारणे पाहा. पहिल्या कारकिर्दीत बहुमत काठावरचे, सेनेटमध्ये झियांच्या काळातली माणसे आणि राष्ट्राध्यक्षांच्या हाती सरकार बरखास्त करण्याचा अधिकार. ऑगस्ट १९९० मध्ये तो वापरलाही गेला. स्त्रियांच्या राखीव जागांची मुदत १९८८ च्या निवडणुकीनंतर संपली, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या सभागृहांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्त्रिया होत्या. वर एक स्त्री आणि खाली मोकळी बाके, अशी स्थिती होती. याच्या उलट २००२ नंतरचे चित्र आहे. राष्ट्रीय असेंब्लीत ३४२ पैकी ६० जागा स्त्रियांना राखीव झाल्या आणि सर्वसाधारण जागांवर निवडून आलेल्या धरून ही संख्या सत्तरच्या वर गेली. या काळात पंतप्रधान पुरुषच होते. तरीही २००६ च्या स्त्री संरक्षण कायद्याने बलात्काराचा गुन्हा पुन्हा दंडसंहितेत आणला. त्यावेळी विरोधी बाकांवरच्या, बेनझीर यांच्या पीपल्स पार्टीनेही सरकारी विधेयकाला पाठिंबा दिला. २००८ मध्ये फेहमिदा मिर्झा पहिल्या स्त्री सभापती झाल्या आणि पक्षभेद ओलांडून स्त्री खासदारांचा गट उभा राहिला. २०१० मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध, २०११ मध्ये अ‍ॅसिडहल्ल्यांविरुद्ध आणि सक्तीच्या विवाहासारख्या प्रथांविरुद्ध कायदे झाले.

इथे दोन हरकती घेतल्या जातात. पहिली, या राखीव जागा लष्करशहा मुशर्रफ यांनी दिल्या, तेव्हा त्या लोकशाहीचे फळ कशा? देणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणाऱ्यांनी त्यांचे काय केले हे पाहायला हवे, आणि ती मागणी स्त्री संघटना आधीपासूनच करत होत्या. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. राखीव जागांवरच्या स्त्रिया पक्षाच्या यादीतून येतात, त्यांना मतदारसंघ नसतो, म्हणून त्या नेत्यांच्या मुली, सुना, बहिणी असतात. घराणेशाही आहे, यात शंका नाही. पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या हिना रब्बानी खार २००२ मध्ये निवडणुकीला उभ्या राहिल्या, कारण पदवीच्या अटीमुळे त्यांच्या वडिलांना उभे राहता येत नव्हते. मरियम नवाझ २०२४ मध्ये पंजाबच्या मुख्यमंत्री झाल्या त्या नवाझ शरीफ यांच्या कन्या म्हणूनच. परंतु तिथे पुरुष राजकारणीही बहुधा घराण्यातूनच येतात. घराणेशाहीचा हिशेब फक्त स्त्रियांकडे मागणे न्याय्य नाही. संसदेवर लक्ष ठेवणाऱ्या 'फाफेन' या संस्थेच्या अहवालांत स्त्री सदस्यांचा कामकाजातील वाटा त्यांच्या संख्येच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक दिसतो. महाराष्ट्रात पंचायतींत आरक्षण आले तेव्हा 'सरपंचपती' हा शब्द जन्माला आला, तरी त्याच आरक्षणातून स्वतःच्या बळावर गाव चालवणाऱ्या स्त्रियाही घडल्या. मुळात राखीव जागांवरून येणाऱ्या सगळ्याच घराण्यातल्या नसतात. मार्च २०१८ मध्ये थरपारकरमधील नगरपारकरच्या कृष्णाकुमारी कोहली सेनेटवर निवडून गेल्या. दलित हिंदू समाजातल्या या स्त्रीचे कुटुंब कधीकाळी वेठबिगारीत अडकलेले होते.

तिसरी हरकत धर्म आणि परंपरेच्या नावाने येते: हा सारा पाश्चात्त्य आग्रह आहे. इतिहास तिला साथ देत नाही. १९६५ मध्ये अयूब खान यांच्याविरुद्ध फातिमा जिना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा जमात-ए-इस्लामी या धार्मिक पक्षानेही त्यांना पाठिंबा दिला होता. १९८८ मध्ये मात्र स्त्रीचे राज्य धर्मसंमत नाही, असा आवाज धार्मिक गटांतून उठला. धर्म तोच होता, राजकारण बदलले होते. स्त्री न्यायाधीशाचा प्रश्न शरियत न्यायालयानेच सोडवला, हे आपण पाहिलेच.

सर्वांत कठीण हरकत चौथी: कायदे झाले, पण सामान्य स्त्रीचे काय? एप्रिल १९९९ मध्ये लाहोरला हिना जिलानी यांच्या कार्यालयात, घटस्फोट मागणाऱ्या एका तरुणीला तिच्याच घरच्यांनी आणलेल्या माणसाने गोळ्या घातल्या. सेनेटमध्ये निषेधाचा साधा ठरावही संमत झाला नाही. सतरा वर्षांनी, समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये, सेनेटर सुघरा इमाम यांच्या विधेयकाचा कायदा झाला. घरच्यांनी क्षमा केली तरी 'इज्जती'साठी खून करणाऱ्याला जन्मठेप चुकणार नाही, असे त्यात ठरले. तरी २०२२ मध्ये कंदील यांच्या भावाला त्यांच्या खुनाच्या आरोपातून उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. म्हणजे कायद्याचे पुस्तक पुरे पडत नाही. तपास करणारा पोलीस, खटला चालवणारा वकील आणि निकाल देणारा न्यायाधीश, सगळेच बदलावे लागतात. मतदानाचेही तसेच. २०१५ मध्ये लोअर दीरच्या एका पोटनिवडणुकीत एकाही स्त्रीने मतदान केले नाही. २०१७ च्या निवडणूक कायद्याने स्त्रियांची मते एकूण मतांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असतील तर निवडणूक रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला दिला आणि २०१८ मध्ये शांगला येथे तो वापरून फेरमतदान घेतले गेले. कायद्याला अंमलबजावणीचे दात फुटले तेव्हाच तो मतदान केंद्रापर्यंत पोहोचला.

म्हणून लोकसेवेतल्या स्त्रियांना मी या कहाणीचा पाया मानतो. १९९४ मध्ये बेनझीर यांच्या सरकारने 'लेडी हेल्थ वर्कर' योजना सुरू केली. पुढे या आरोग्यसेविकांची संख्या लाखाच्या घरात गेली. दारोदारी लसी आणि कुटुंबनियोजनाची माहिती नेणाऱ्या या स्त्रियांनी नोकरीत कायम होण्यासाठी रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. २०१२ पासून पोलिओ पथकांवर हल्ले होऊ लागले, अनेकींचे प्राण गेले, तरी काम थांबले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाहोरच्या इछरा बाजारात, कपड्यांवरच्या अरबी अक्षरांना कुराणातील आयती समजून जमावाने एका स्त्रीला घेरले. तेव्हा सहायक पोलीस अधीक्षक शहरबानो नक्वी तिला त्या जमावातून सुखरूप घेऊन आल्या. अशा ठिकाणी राज्यसंस्थेचा चेहरा कोणाचा आहे, यावर एखाद्या स्त्रीचा जीव अवलंबून असतो.

भारतात न्यायमूर्ती फातिमा बीवी १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पाकिस्तानला तेहतीस वर्षे उशीर झाला. संसदेतल्या राखीव जागा मात्र पाकिस्तानात २००२ पासून सलग आहेत, तर आपला कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली गेली. कोण पुढे, कोण मागे, या शर्यतीतून काही हाती लागत नाही. पाकिस्तानच्या अनुभवातून घेण्यासारखा निष्कर्ष हा: एखाद्या स्त्रीला उच्च पद मिळाले की समाजाने आपले काम संपले असे समजू नये. तिला निवडणाऱ्या, तिच्यापुढे याचिका आणणाऱ्या, तिने केलेला कायदा ठाण्यात आणि गावात राबवणाऱ्या स्त्रिया किती आहेत, हे मोजावे. ती संख्या वाढवणे हेच नेतृत्व घडवणे होय, आणि ते काम त्यांच्याइतकेच आपल्यापुढेही आहे.