प्रकल्प व्यवस्थापन : दिलेल्या मुदतीचे शास्त्र



अंथुर्णे परिसरातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, की 'पुढे काय?' हा प्रश्न घरात उभा राहतो. अलीकडे त्याचे एक उत्तर 'प्रकल्प व्यवस्थापन' असे येते. वडीलधाऱ्यांना मात्र शंका वाटते, की कामे करवून घेणे हा काय विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे? ते पेढीवर बसून येत नाही काय? या शंकेत कुटुंबाची पुंजी आणि मुलांची उमेदीची वर्षे गुंतलेली असल्याने तिचा नीट विचार व्हावयास हवा.

शंकेच्या बाजूचा मोठा दाखला जवळच आहे. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, ते शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) महाविद्यालयातून पदवी न घेताच बाहेर पडले आणि रेल्वेच्या ठेकेदारीत घडले. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी तेथील पहिले जहाज 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

परंतु असे कर्तृत्व विरळा. वालचंदशेठ अनेक वर्षांच्या अनुभवातून जे शिकले, त्यातील बराच भाग आता सूत्रबद्ध झाला आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत विकसित झाली. तिचे मर्म साध्या घरबांधणीतून कळते. पाया व जोते ३० दिवस, भिंती २५, स्लॅब व त्यास पाणी मारणे २१, गिलावा २०, रंग १०. एकूण १०६ दिवस. सुताराला दारांच्या झडपा करण्यास ४० दिवस लागतात, पण त्या रंगापूर्वी, म्हणजे ९६ व्या दिवसापर्यंत मिळाल्या तरी चालतात. म्हणजे सुताराच्या कामास ५६ दिवसांची सवड आहे. स्लॅबला एका दिवसाचीही नाही. मालक मात्र बहुधा सुतारावरच रागावतो! कोठे घाई करावी आणि कोठे धीर धरावा, हे या हिशेबाने समजते. मोठ्या धरणाला किंवा कारखान्याला हाच हिशेब शेकडो कामांसाठी मांडावा लागतो. त्यासोबत खर्च, करार व जोखीम यांचाही अभ्यास येतो. त्यात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची जमाखर्चाची सवय उपयोगीच पडते.

हे शिक्षण आता दूर राहिलेले नाही. बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने १९८३ साली स्थापन झालेली 'निकमार' ही संस्था पुण्यात बालेवाडी येथे आहे. २०२२ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

तथापि मजुरांचा विश्वास, शब्दाची पत आणि माणसाची पारख या गोष्टी वर्गात मिळत नाहीत. म्हणून शक्य असल्यास विद्यार्थ्याने प्रथम वर्षभर प्रत्यक्ष कामावर काढावे आणि मग प्रवेश घ्यावा. पालकांनी मान्यता, शुल्क आणि अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाचा भाग या तीन गोष्टी स्वतः पडताळाव्यात. एवढी दक्षता घेतल्यास हा खर्च वाया जाणार नाही. पेढीवरचे शिक्षण आणि विद्यापीठाचे शिक्षण परस्परांचे वैरी नाहीत. ज्याच्याजवळ दोन्ही असतील, त्याची मुदत सहसा चुकणार नाही.