सुई आणि मुखपट्टी



रोज दुसऱ्यांना सुया टोचणाऱ्या परिचारिका स्वतः फ्लूची लस घ्यायला का कांकू करतात, असे विचारतात. विचारतानाच त्यांना अडाणी ठरवलेले असते! कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात काही रुग्णालयांनी नियम केला : लस घ्या, नाहीतर फ्लूच्या हंगामात रुग्णांजवळ मुखपट्टी बांधूनच वावरा. परिचारिकांची संघटना लवादाकडे गेली. २०१५ साली जेम्स हेज यांनी निवाडा दिला, की नियमाला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. २०१८ साली दुसऱ्या लवादानेही तसेच म्हटले. गंमत अशी, की हीच संघटना सभासदांना लस घ्या म्हणून सांगत होती. तिचा झगडा सुईशी नव्हता, सक्तीशी होता.

लसही दरवर्षी सारखी लागू पडत नाही. विषाणू रूप पालटतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तर ती फारच कमी पडली. परिचारिकांनी हे वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेले असते.

पण माझ्या भगिनींनाही एक सांगितले पाहिजे. टोचल्याने फ्लू होतो, ही समजूत खोटी आहे. नेहमीच्या टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो; दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याला आपली परिचारिका निवडता येत नाही. तेव्हा लस घ्याच. मात्र ती पाळीच्या वेळात, वॉर्डातच, फुकट टोचावी. आणि कणकण आली तर भरपगारी रजा द्यावी, ही मागणी मी कोणत्याही व्यवस्थापनापुढे मांडीन.