जत्रेतल्या सिनेमाचं चित्र

गावातल्या जुन्या थिएटरचं चित्र काढायचं म्हटलं की चित्रकार बहुधा रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. पोपडे आलेली भिंत, तिकिटाची जाळीची खिडकी, अर्धं फाटलेलं पोस्टर. दिसायला छान, पण हे भिंतीचं चित्र झालं.

एडवर्ड हॉपर हा अमेरिकी चित्रकार आत गेला. त्याच्या १९३९च्या 'न्यू यॉर्क मूव्ही'त पडद्याचा जेमतेम तुकडा दिसतो. नजर खिळते ती उजवीकडे, प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या बाईवर. दिव्याजवळ भिंतीला टेकून ती आपल्याच विचारात आहे. तोच सिनेमा रोज किती वेळा बघायचा! या एका चित्रासाठी हॉपरनं पन्नासाहून अधिक रेखाटनं केली, आणि त्या बाईसाठी पत्नी जो हिला उभं केलं.

हीच नजर घेऊन आपल्या जुन्नर-आंबेगावात या. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. हंगामाआधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी सुपारी ठरवायला येतात. आडगावाला सिनेमाही यायचा तो असाच जत्रेला, ट्रकमधून. त्या टॉकीजला भिंत कुठली? सगळा कारभार कापडाचा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, बुडाखाली ढेकळं आणि शेंगांची टरफलं.

चित्रकारानं मात्र प्रोजेक्टरपाशी उभं राहावं. तिथला माणूस पडद्याकडे बघतच नाही. एक रीळ चालू असताना तो संपलेलं रीळ हातानं उलटं गुंडाळतोय, पुढच्या खेळासाठी. फिल्मची कड दोन बोटांत धरून जोड चाचपतोय. तो निसटला तर अख्खा तंबू शिट्ट्या मारणार.

आपल्याकडे कुंचला आणि सिनेमा यांचं नातं जुनंच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला.

मग चित्रकाराला उरलं काय? उरलं की! कॅमेऱ्यानं उजळ पडदा टिपावा तर माणसं काळीठिक्कर होतात, माणसं टिपावीत तर पडदा पांढराफटक. कुंचल्याला ही अडचण नाही. पडदा, रीळ गुंडाळणारा हात आणि कनातीखालून फुकट घुसणारं पोरगं, तिन्ही एकाच चौकटीत बसतात. पोराला तेवढं कोपऱ्यात ठेवा. मध्यभागी आणलंत की चित्र नको तितकं गोड होतं.