अंगणातील उपचार



१९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनी आनंदवनाची खडकाळ जमीन कसली, झाडे वाढवली. रोग औषधाने बरा झाला. गमावलेला आत्मसन्मान मात्र मातीतील श्रमाने परत दिला.

आपल्याही घरांत वियोगाचे दुःख येते; एखादी वृद्ध माता दिवसचे दिवस मूक बसून राहते. तिला ताडोब्याच्या अरण्यात नेण्याचे कारण नाही. सकाळच्या उन्हात अंगणातील कडुनिंबाखाली तिच्याजवळ बसावे, एका रोपाला पाणी घालण्याचे काम तिच्या हाती सोपवावे. वनस्पतीतही जीव आहे, असे आपला धर्म सांगतो. त्या जीवाला आपली गरज आहे, ही जाणीव खचलेल्या मनाला हळूहळू उभारी देते.